तुम्ही विचारलंत म्हणून: परत पाण्यात गेले, मग मासेच का नाही झाले?

डायनोसॉरच्या काळात समुद्रात राहणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्यांचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. "सर, जमिनीवरचे प्राणी परत समुद्रात गेले म्हणता, मंग ते मासेच काहून नाही झाले?" पोरं विचारतात, त्यांचे पालक विचारतात, आता तर गावातली ओळखीची माणसंही विचारतात. मी वरोरा तालुक्यात विज्ञान शिकवतो. आमच्याकडे समुद्र पाहिलेली माणसं थोडी असली तरी हाडांचं कुतूहल भरपूर आहे, कारण पिसदुरा हे गाव इथून जवळच. तिथल्या वावरांत डायनोसॉरची हाडं, गोड्या पाण्यातल्या कासवांच्या कवचाचे तुकडे आणि दगड झालेली विष्ठा सापडते. त्याच विष्ठेत गवताचे सूक्ष्म अवशेष मिळाल्याचं २००५ साली जाहीर झालं आणि डायनोसॉरच्या काळात गवत होतं हे जगाला आमच्या तालुक्यातून कळलं. अशा ठिकाणची पोरं मोठमोठे प्रश्न विचारणारच.

मला हा प्रश्न फार आवडतो. त्याच्यामागे पुस्तकातलं ते चित्र असतं: मासा, मग बेडूक, मग सरडा, एकापुढे एक, जिना चढत असल्यासारखे. चढता येतो तो जिना उतरताही यायला हवा, असं पोराला वाटतं. ते चित्र पुस्तकातून काढून टाकावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

उत्तराची सुरुवात मी हातापासून करतो. स्वतःचा दंड दाबून बघा, एकच हाड. कोपराच्या खाली दोन. मग मनगटातली बारकी हाडं, मग बोटं. घोरपडीच्या पायात हाच क्रम, बकऱ्याच्या नळीतही हाच. आता बाजारातून आणलेल्या रोहूचा पर बोटांनी पसरून पाहा. कातडीत ताठ, बारीक काड्यांची रांग दिसेल. त्यात ना मनगट, ना बोट. जमिनीवर आलेल्या पूर्वजांनी या काड्या गमावल्या आणि त्यांच्या जागी बोटं आली. कोट्यवधी वर्षांनी इक्थिओसॉर (माशासारख्या अंगाचे सरपटणारे प्राणी) समुद्रात शिरले तेव्हा पर बनवायला त्यांच्याकडे फक्त बोटं होती. मग त्यांनी बोटांचाच पर केला. दंडाचं हाड आखूड आणि रुंद झालं, कोपराखालची दोन हाडं चपटी गोल झाली आणि बोटांतली पेरं वाढतच गेली. आपल्या बोटात तीन पेरं असतात, त्यांच्या एकेका बोटात वीसहून जास्त झाली. काही जातींत बोटंही पाचाहून जास्त झाली. तो पर दगडात पाहिला तर हाडं मक्याच्या कणसातल्या दाण्यांसारखी एकमेकांना भिडलेली दिसतात. बाहेरून माशाचा पर, आतून हात. प्लेसिओसॉर या समुद्री सरपटणाऱ्यांच्या दुसऱ्या गटाने तर असे चार वल्हे केले, पण बोटं पाचच ठेवली, फक्त लांबवली.

घोरपडीचं नाव आलंच आहे, तर पुढचं तिच्याकडूनच शिकावं. पावसाळ्यात धुऱ्यावरून जाताना ती दिसली तर लांब उभं राहून बघा (तिला धरणं, मारणं हा गुन्हा आहे, आणि तसंही ती निरुपद्रवी आहे). पाय टाकताना तिचं सगळं अंग डावीकडे-उजवीकडे वळतं. नाल्यात उतरली की पाय अंगाशी चिकटवते आणि तीच वळवळ करत, शेपटीच्या जोरावर पोहते. समुद्रात गेलेले मोसासॉर हे याच गोतावळ्यातले, घोरपडी आणि साप यांचे नातलग. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्तच्या खाणीत सापडलेला प्रचंड जबडा घोरपडीसारख्या सरड्याचा आहे, हे फ्रेंच शास्त्रज्ञ क्युव्हिए यांनी १८०८ साली पक्कं केलं. टेक्सासमधला डॅलसॉरस हा सुरुवातीचा मोसासॉर जेमतेम मीटरभर लांब होता आणि त्याचे पाय अजून जमिनीवर चालण्याजोगे होते. पुढचे मोसासॉर दहा मीटरच्या पुढे गेले, पायांचे वल्हे झाले, शेपटीचं टोक खाली वाकून त्यावर उभा पंख आला. पोहण्याची पद्धत मात्र घोरपडीचीच राहिली, बाजूबाजूला वळत.

इक्थिओसॉरांची शेपटीही अशीच खाली वाकलेली. सांगाड्यात तो बाक दिसायचा, पण बराच काळ तो मेल्यानंतर मोडल्यामुळे आला असं मानलं जाई. जर्मनीत होल्झमाडेनच्या काळ्या दगडात अंगाच्या कडेसकट ठसे मिळाले तेव्हा शेपटीचा चंद्रकोरी पंख दिसला. मणके त्याच्या खालच्या पात्यात उतरतात. शार्कमध्ये ते वरच्या पात्यात चढतात. दिसायला दोन्ही शेपट्या सारख्याच, आतली मांडणी उलटी. देवमाशाची गोष्ट तिसरी. त्याचे पूर्वज पाठ वरखाली वाकवत पळणारे चार पायांचे सस्तन प्राणी, म्हणून त्याची शेपटी आजही वरखालीच हलते.

इथवर आलं की कोणीतरी कल्ल्यांचं विचारतं. खरी मेख तिथेच आहे. माशाच्या डोक्यात जबड्याला आधार देणारं एक हाड असतं. जमिनीवरच्या प्राण्यांत तेच आकसून कानात गेलं, आपण त्याला रिकीब म्हणतो. कल्ल्यांना धरणाऱ्या कमानींतून जिभेची आणि घशाची आधारहाडं घडली. ती दुसऱ्या कामाला लागली होती, परत मागणार कोणाकडे? इक्थिओसॉर सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी आले आणि सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी संपले. १५ कोटींहून जास्त वर्षं समुद्रात काढूनही प्रत्येक श्वास त्यांनी पाण्यावर येऊनच घेतला. पिल्लंही ते पाण्यातच जन्माला घालत. चीनमधल्या चाओहूसॉरस या इक्थिओसॉरच्या एका जीवाश्मात पिल्लू डोक्याकडून बाहेर येताना सापडलं आहे, जमिनीवरच्या बहुतेक प्राण्यांत येतं तसं. त्यावरून संशोधकांनी असा निष्कर्ष काढला की थेट पिल्लं देण्याची रीत त्यांच्या पूर्वजांना जमिनीवर असतानाच लागली होती.

गमावलेला अवयव जसाच्या तसा परत मिळत नाही, हे बेल्जियमच्या लुई डोलो यांनी १८९३ साली मांडलं. ते स्वतः मोसासॉरांच्या हाडांवर काम करणारे. पुढे या नियमाला काही अपवाद निघाले. पण एखादा दात परत येणं वेगळं आणि सरड्याचा अख्खा मासा होणं वेगळं.

शेवटी विचारतात, आपल्या वावरात असा एखादा सापडेल का? नाही. पिसदुऱ्याचे थर नदी-तळ्यातले आहेत, समुद्रातले नाहीत. इक्थिओसॉर हवा असेल तर कच्छला जावं लागेल. तिथे लोडाई गावाजवळ साडेपाच मीटर लांबीचा, जवळजवळ पूर्ण सांगाडा मिळाला, २०१७ साली त्याचं वर्णन छापून आलं. इथे नांगराला हाड लागलंच तर ते उपसू नका. जागेवरच राहू द्या, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा आणि मला किंवा भूविज्ञानाच्या जाणकाराला दाखवा. कोणत्या थरात पडलंय हे कळल्याशिवाय त्या हाडावरून फार काही सांगता येत नाही.