तुरिनच्या फाटकाशी वाजलेली हलगी

मी इटलीत तुरिनला दुभाष्याचं काम करते. एरवी कारखान्यांच्या बैठका नाहीतर दवाखान्यांचे कागद असतात. सप्टेंबर 2019 मध्ये मात्र कोल्हापूर-सांगलीकडच्या कॉलेजांमधले नऊ क्रीडाशिक्षक माझ्या वाट्याला आले. सगळे सर. गळ्यात शिट्टी नसली तरी चालण्यावरून ओळखू यावेत असे. त्यांना इथलं जुनं स्टेडियम बघायचं होतं, कारण 1959 साली विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांची पहिली ‘युनिव्हर्सियाड’, म्हणजे त्यांची जागतिक क्रीडास्पर्धा, इथे झाली.

त्या दिवशी आत जायची परवानगी नव्हती. आम्ही फाटकाशीच उभे राहिलो. शेजारी माराथोन मनोरा, गजांमधून दिसेल तेवढं मैदान. धावण्याची जुनी पट्टी आता तिथे नाही. सरांना त्याचंच सगळ्यात वाईट वाटलं.

मी तयारी करून गेले होते. सांगत गेले की विद्यार्थ्यांच्या अशा स्पर्धा मुळात 1923 मध्ये पॅरिसला सुरू झाल्या, झ्याँ पेतिज्याँ नावाच्या फ्रेंच माणसाच्या खटपटीतून. 1933 मध्ये त्या याच मैदानावर भरल्या. तेव्हा स्टेडियमला मुसोलिनीचं नाव होतं. इटलीच्या लुइजी बेक्कालीने 1500 मीटर 3 मिनिटं 49.2 सेकंदांत धावून विश्वविक्रमाशी बरोबरी केली. त्याच्या मागे दुसरा आलेला जॅक लव्हलॉक तीन वर्षांनी बर्लिनला ऑलिंपिक सुवर्ण घेऊन गेला. पुढे युद्ध झालं. युद्धानंतर विद्यार्थी संघटनाच दुभंगल्या, पूर्वेकडच्या वेगळ्या, पश्चिमेकडच्या वेगळ्या, आणि स्पर्धाही वेगवेगळ्या. ती फूट सांधून 45 देशांची मुलं 1959 मध्ये तुरिनला एकत्र आली. प्रीमो नेबियोलो हा त्या आयोजनामागचा मुख्य माणूस.

शेजारच्या बाकावर एक म्हातारी बाई बसल्या होत्या. त्या उठून आल्या. “कसली भाषा ही? मला फक्त ‘नेबियोलो’ कळलं.” मी सांगितलं. त्या म्हणाल्या, “1959 ला मी वीस वर्षांची होते. विद्यार्थिनी. इथेच, प्रेक्षकांत.”

मी वळून म्हटलं, “सर, या आजी तेव्हा इथे होत्या.” नऊच्या नऊ जण आजींभोवती गोळा झाले.

आधी त्यांनी बेरूतीबद्दल सांगितलं. लिव्हियो बेरूती, याच गावचा, रसायनशास्त्र शिकणारा पोरगा. त्याने इथे 100 आणि 200 मीटर दोन्ही जिंकल्या, आणि पुढच्याच वर्षी रोमला काळा चष्मा लावून 200 मीटरचं ऑलिंपिक सुवर्ण. “पण मला धावणं कमी आठवतं,” आजी म्हणाल्या, “गाणं जास्त.”

विजेत्याच्या देशाचं राष्ट्रगीत तिथे वाजवत नसत. कुणीही जिंको, वाजायचं ते एकच, ‘गाउदेआमुस इगितुर’, युरोपातल्या विद्यापीठांचं जुनं लॅटिन गाणं. शीतयुद्धाच्या ऐन भरात रशियन मुलालाही तेच आणि पश्चिमेच्या मुलालाही तेच. हे मला आधी माहीत होतं, पण आजींनी तिथे उभं राहून, पर्स छातीशी धरून ते गायला सुरुवात केली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. आवाज थरथरत होता, सूर पक्का.

मी हळू आवाजात अर्थ सांगत होते. तरुण आहोत तोवर आनंद करू या. मग पुढचं कडवं आलं: विद्यापीठ चिरायू होवो, शिक्षक चिरायू होवोत.

“शिक्षक?” सगळ्यात वयस्कर सरांनी मला थांबवलं. “जिंकलेल्या पोराच्या गाण्यात शिक्षक?”

“हो सर. तसंच आहे.”

ते बराच वेळ मैदानाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “बाई, आजींना आमच्या खर्डेकर सरांचं सांगा.” मी सांगितलं. खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. 1952 मध्ये हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून 7,000 रुपये उभे केले. खाशाबा कुस्तीत कांस्यपदक घेऊन आले. भाषांतर करताना मी दोनदा अडखळले. ‘घर गहाण’ला इटालियन शब्द आहे, कायद्याच्या कागदात मी तो शेकडो वेळा लिहिलाय, पण त्या वेळी तो तोंडातून नीट बाहेर येईना.

आजींनी विचारलं, “मग तुमच्याकडे पोरगा जिंकला की काय वाजतं?”

“हलगी!” दोघेतिघे एकदमच म्हणाले.

“म्हणजे?”

ते वयस्कर सर पुढे झाले आणि फाटकाच्या पत्र्यावर बोटांनी वाजवायला लागले. आधी संथ, मग कुस्ती लागल्यावर वाजते तशी चढती. आजूबाजूने जाणारे थबकले. आजी पायाने ठेका धरायला बघत होत्या, चुकत होत्या, पुन्हा धरत होत्या.

निघताना त्यांनी पर्समधून छोटी वही काढली आणि तो शब्द लिहून मागितला. मी रोमन लिपीत लिहिला. त्यांनी वाचला, “आल्जी.” इटालियनमध्ये ह उच्चारत नाहीत, आणि ग चा तिथे ज होतो. सर म्हणाले, “आल्जी नाही आजी, हलगी. ह, ह.” मी तो खोडला, ग नीट यावा म्हणून एक अक्षर वाढवून खाली पुन्हा लिहिला. ‘ह’साठी मात्र आजी सरांच्या तोंडाकडे बघत राहिल्या, आणि बस येईपर्यंत सर त्यांच्याकडून तो एक उच्चार घोटून घेत होते.