तुम्ही विचारलंत म्हणून: निरक्षर बाईचं नाव विद्यापीठाला कशाला?

हा प्रश्न मला २०१८ पासून विचारला जातो. पुण्याच्या नातलगांनी विचारला, गाडीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईने विचारला, आमच्याच कॉलेजातल्या एका सहकाऱ्यानेही विचारला. त्या वर्षी जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. "जिला अक्षर ओळखता येत नव्हतं, तिचं नाव विद्यापीठाला कशाला?" याच विद्यापीठाच्या एका कॉलेजात मी तीसेक वर्षं मराठी शिकवलं, म्हणून उत्तर माझ्याकडे मागतात.

आधी मी बहिणाबाईंच्या कवितेची थोरवी सांगायचे. आता त्याऐवजी मुंबई विद्यापीठाच्या आवारातल्या मनोऱ्यापासून, राजाबाई टॉवरपासून, सुरुवात करते.

मुंबई विद्यापीठ १८५७ सालचं. ज्या कायद्याने ते उभं राहिलं, त्याच्या सुरुवातीलाच लिहिलंय की सर्व वर्गांच्या आणि सर्व पंथांच्या प्रजाजनांना शिक्षणासाठी उत्तेजन मिळावं म्हणून हे विद्यापीठ स्थापन होत आहे. सर्व वर्गांच्या! मी ते वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा भारावून गेले होते. मग कळलं की आदल्याच वर्षी, १८५६ मध्ये, धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला होता आणि मुंबई सरकारने तो नकार उचलून धरला होता. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यातच. म्हणजे विद्यापीठाचं दार कागदावर सताड उघडं, आणि त्या दारापर्यंत नेणाऱ्या पहिल्या पायरीवरच पोराला अडवलेलं. बायकांचं तर नावच नव्हतं. नियमांत सगळीकडे 'तो'. त्या 'तो'मध्ये 'ती'सुद्धा धरावी असं ठरायला १८८३ साल उजाडावं लागलं.

आणि मनोरा? तो बांधून झाला १८७८ मध्ये. त्यासाठी पैसे दिले प्रेमचंद रायचंद यांनी, आणि नाव दिलं स्वतःच्या आईचं, राजाबाईचं. म्हणजे विद्यापीठाच्या अंगणातल्या सगळ्यात उंच इमारतीवर पाच वर्षं एका बाईचं नाव होतं आणि एकाही बाईला तिथे परीक्षेला बसता येत नव्हतं.

प्रेमचंद कापसाचे मोठे व्यापारी. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस विलायतेतल्या गिरण्यांना मिळेना, आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. तो कापूस गुजरातचा, वऱ्हाडचा, आणि आमच्या खान्देशाचा. तिकडचं ते युद्ध गुलामगिरीवरून पेटलेलं. त्याच्या झळीतून आलेला पैसा इकडे विद्येच्या मनोऱ्यात गेला, हे मला अजूनही पचत नाही.

माझी आई आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला गेली. कमरेला ओटी बांधायची, दिवसभर वाकून पऱ्हाटीची एकेक रांग संपवायची, सुकलेल्या बोंडांच्या टोकांनी बोटं ओरबाडलेली असायची. संध्याकाळी वजन होऊन मजुरी. तिला सही येत नव्हती. ती सत्तरीला आली तेव्हा मी तिला मुंबई दाखवायला नेलं. ओव्हल मैदानातून मनोरा दाखवला आणि सांगितलं, हे एका बाईचं नाव आहे. आई वर बघत म्हणाली, "ती शिकेल व्हती का?"

मी म्हटलं, माहीत नाही, तिच्या मुलाने पैसे दिले म्हणून नाव आहे.

"मंग पैसा कोना व्हता?"

मी म्हटलं, कापूसना.

आई काही बोलली नाही. ओढणीच्या दुकानासमोर दर विचारताना तिचा चेहरा जसा व्हायचा तसा झाला, हिशेब करणारा. महात्मा फुल्यांनी १८८२ साली सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगासमोर हाच हिशेब मांडला होता: सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून, आणि उच्च शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या मुलांच्या पदरात पडतो. आईने फुले वाचले नव्हते.

आता बहिणाबाईंकडे येते. त्यांचा जन्म जळगावजवळच्या असोद्याचा, १८८० सालचा. त्या तीन वर्षांच्या होत्या तेव्हा मुंबई विद्यापीठाने बायकांना दार उघडलं. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी त्या दारातून आत गेल्या आणि विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर झाल्या. असोद्याच्या मुलीला मात्र त्या दाराचा पत्ताही नव्हता. तेराव्या वर्षी लग्न, तिशीत वैधव्य, पदरात मुलं, शेत आणि जातं. त्या काम करता करता ओव्या रचत गेल्या आणि मुलगा सोपानदेव व त्याचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी त्यांतल्या काही टिपून घेतल्या, म्हणून राहिल्या. बहिणाबाई गेल्या १९५१ मध्ये आणि पुस्तक निघालं पुढच्या वर्षी. जे टिपलं गेलं नाही ते शेतातच विरलं. गावोगावच्या ज्या बायकांचे मुलगे कवी नव्हते, त्यांचं काय काय विरलं असेल?

म्हणून 'निरक्षर बाईचं नाव कशाला' असं कोणी विचारलं की मी उलट विचारते: ती निरक्षर राहिली कोणामुळे? तिला बुद्धी कमी नव्हती. 'सर्व वर्गांच्या' म्हणणारं विद्यापीठ तिच्या आयुष्यभर उभं होतं आणि आमचा खान्देश त्याच्याच कक्षेत होता. मग १९४९ मध्ये पुण्याचं विद्यापीठ आलं, आमची कॉलेजं पुण्याला जोडली गेली. एखाद्या मार्कशीटमधली चूक दुरुस्त करायची तर रात्रभराचा प्रवास, दोन दिवसांची मजुरी बुडाली. अमळनेर-पारोळ्याकडच्या मुलींना घरचे एवढ्या लांब एकटं पाठवत नसत. चूक तशीच राहायची, कधी शिक्षणही तिथेच राहायचं. आमचं विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० ला झालं तेव्हा मला रडू आलं होतं.

पण आता जे सांगते ते सांगायला मला वेळ लागला. नाव बदलल्यावर विद्यार्थ्यांनी जल्लोष केला, मीही केला. त्याच आठवड्यात वर्गात एक मुलगी उभी राहिली. सातपुड्यातली, पावरा आदिवासी घरातली, पहिल्यांदा कॉलेजात आलेली. म्हणाली, "मॅडम, बहिणाबाई घरच्या बोलीत बोलल्या म्हणून त्यांचं नाव विद्यापीठाला. आम्ही घरच्या बोलीत उत्तर लिहिलं तर मार्क मिळतील?"

मला उत्तर देता आलं नाही, कारण उत्तर मला ठाऊक होतं. तीस वर्षं मी पेपर तपासले. 'मन्हं', 'तुन्हं', 'व्हतं', 'शे' दिसलं की खाली लाल रेघ, शुद्धलेखनाचे मार्क कापले. पोराला प्रश्न कळलाय, कविता कळलीय, हे दिसत असूनही कापले. मी अहिराणी बोलणाऱ्या आईची मुलगी, आणि दारात मीच उभी होते. धारवाडच्या शाळेतल्या त्या मास्तरांना मी वर्गात किती नावं ठेवली असतील! त्यांच्याकडेही नियमच होता.

प्रमाण मराठी शिकवू नये असं मी म्हणत नाही. ती आलीच पाहिजे, तिच्यावर पुढची नोकरी अवलंबून असते. पण बोलीला अशुद्ध म्हणणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि ते मी आयुष्यभर केलं.

पुढच्या उन्हाळ्यात कॅप सेंटरवर, म्हणजे पेपर तपासायच्या केंद्रावर, निवृत्तीच्या आधीच्या शेवटच्या तपासणीत, बहिणाबाईंवरच्या प्रश्नाचं एक उत्तर आलं. अर्धं प्रमाण मराठीत, आणि मध्येच लिहिलेलं: 'मन्ही माय बी असंच म्हने.' आईच्या दळण्याचं सात-आठ ओळींचं वर्णन, थेट, एकही शब्द फुकट नाही. मी पेन ठेवलं. मग दहापैकी नऊ दिले. तपासलेले पेपर पुन्हा पाहणाऱ्या मॉडरेटरने सहा केले, शेरा 'भाषा अशुद्ध'. मी पेपर परत मागून घेतला, त्या ओळी त्यांना मोठ्याने वाचून दाखवल्या. खोलीतले बाकीचे तपासनीस माना वर करून ऐकत होते. सहा खोडून पुन्हा नऊ झाले, आणि शेजारी आम्ही दोघांनी सह्या केल्या.