मुलं शाळेत जातात, मग मावशींना 12 हजार कशाचे?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, कारण गेल्या तीन वर्षांत हा प्रश्न मला लिफ्टमध्ये, भाजीवाल्याकडे, अगदी हळदीकुंकवालासुद्धा विचारून झालाय. थोरली पाचवीत, धाकटा दुसरीत, दोघांची शाळा सकाळची. मुलांना सांभाळणाऱ्या मावशी साडेबाराला येतात, एकच्या सुमाराला बसवरून मुलांना घेतात, जेवायला वाढतात, मग क्लास, खाली खेळणं, आणि मी सातला घरी. रविवार सुट्टी. महिन्याला 12 हजार.

लोक म्हणतात मुलं मोठी आहेत, लंगोट नाही भरवणं नाही, मावशी नुसत्या बसून तर असतात. हो, बसतात ना, पण आपल्या घरात बसतात, आणि तेवढ्या वेळात त्यांना दुसरं काम धरता येत नाही, पैसे त्याचे आहेत. मी रेट ठरवला तो सोसायटीत काय चाललंय ते बघून नाही, मावशींनाच विचारलं की आमच्यासाठी कोणकोणती कामं सोडावी लागतील. दुपारची दोन घरं धुणंभांडी, अडीच-अडीच हजार, आणि संध्याकाळी एकांकडे पोळीभाजी, चार हजार. झाले 9. वरचे 3 कशाचे तर तीन घरं असली की एक सुटलं तरी दोन राहतात, आमची उद्या बदली झाली तर त्यांचं दुपारनंतरचं सगळंच गेलं. शिवाय मुलांची जबाबदारी ती वेगळीच. तरी तासाला हिशोब केला तर 71 रुपये पडतात, आणि थोरलीचा अबॅकसचा क्लास महिन्यात आठ तासांचे 1600 घेतो, तिथे आम्ही तोंडातून शब्द काढत नाही.

खरा घोळ होतो सुट्ट्यांचा. पहिल्या वर्षी मी शहाणपणा केला. मे महिन्यात मुलं 20 दिवस आजोळी गेली म्हणून तेवढे खाडे कापले, म्हटलं कामच नाही तर पगार कसला. मावशी काहीच बोलल्या नाहीत. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी फोन, ताई मी तिकडे एका आजींचं काम धरलंय. मग काय, माझी आठ दिवस सुट्टी, नवऱ्याची चार दिवस, आणि शेवटी मीच त्यांच्या घरी जाऊन कापलेले पैसे दिले तेव्हा त्या परत आल्या. तेव्हापासून नियम असा की आम्ही गावाला गेलो तर पगार पूर्ण, आणि सुट्टीत मुलं घरी असली की त्या साडेनऊला येतात म्हणून त्या दिवसांचे दीडशे रुपये जास्तीचे. त्यांचे महिन्याला दोन खाडे धरत नाही. आजारपण वेगळं.

दिवाळीला एक पगार बोनस. ह्यावर काहीजणी नाक मुरडतात, पण 1980 साली पुण्यात मोलकरणींनी चक्क संप केला होता, तेव्हा ही आपली मेहेरबानी वगैरे कुणी समजू नये. राज्यात घरेलू कामगारांसाठी 2008 चा कायदा आहे, त्यात कल्याण मंडळ आहे, पण तुमच्या मावशींना महिन्याला किती द्यायचे हे काही त्यात लिहिलेलं नाही, ते आपल्या ओट्यापाशी उभं राहूनच ठरतं. उचल मागितली तर देते, महिन्याला हजार वळते करून घेते, आणि लिहून ठेवते कॅलेंडरवर, दोघींना दिसेल असं.

वाढीचं बोलणं दर जूनला. यंदा मात्र विषय काढला तर मावशींनी पैशाचं विचारलंच नाही. म्हणाल्या, ताई, थोरलीची शाळा पुढच्या वर्षी दुपारची होणार ना? म्हणजे ती सकाळी घरी, धाकटा दुपारी घरी, आणि सकाळी त्यांची पोळ्यांची तीन घरं आहेत, दहा वर्षांपासूनची. कागद घेऊन बसलेय, अजून आकडा येत नाहीये.