'हे यू'चा सराव: कडी कुणी काढायची?

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचं 'हे यू' (अल्बम 'द वॉल', १९७९) आता सोलोपर्यंत, म्हणजे मधल्या एकट्या गिटारच्या तुकड्यापर्यंत, न अडखळता वाजतंय.

सुरुवातीच्या आर्पेजिओचं (कॉर्डचे स्वर एकामागून एक छेडण्याचं) गुपित तारांत आहे. बँडचा गिटारवादक गिलमूर, त्याने जाड 'ई' तारेच्या जागी दोन सप्तकं वरची 'ई' लावली होती, बाकी प्रकार नॅशव्हिल ट्यूनिंगसारखा, म्हणजे जाड तारांच्या जागी एक सप्तक वरच्या बारीक तारा. बारा तारांच्या सेटमधल्या बारीक तारा घेतल्या की काम भागतं. फक्त वेंगुर्ल्याच्या खाऱ्या हवेत त्या पटकन गंजतात. वाजवून झालं की कोरड्या फडक्याने पुसा. तरी बारीक 'जी' आधी तुटणारच.

आता अर्थाकडे. गाणं एकटेपणाचं आहे, असं सगळे म्हणतात. मला ते अपुरं वाटतं. अल्बमचा नायक पिंक, त्याने स्वतःभोवतीची भिंत स्वतःच रचलीय. गीतकार आणि बँडचा बेसवादक वॉटर्स, त्याला ही कल्पना सुचली तीच १९७७ मध्ये माँट्रियलच्या कार्यक्रमात एका चाहत्यावर थुंकल्यानंतर. म्हणजे जवळ आलेला माणूसच नकोसा झालेला! आणि शब्द बघा: मला स्पर्श करशील का, दगड वाहायला मदत करशील का, तुझं मन उघड. सगळं समोरच्याने करायचं. स्वतःचं मन उघडायची गोष्ट एकदाही नाही.

आमच्या तालमीला दशावतारात पेटी वाजवणारे एक मामा येऊन बसतात. त्यांना ओळीओळीचा अर्थ सांगितला. म्हणाले, "हो हाका मारता खरो, पण कडी काय काढणा नाय." (हा हाका मारतो खरा, पण दाराची कडी काही काढत नाही.) इतकं नेमकं मी कुठे वाचलेलं नाही.

तेव्हापासून पहिल्या कडव्यात आवाज चढवणं बंद केलंय. माणूस मागतोय, पण अंतर राखून. सोलोत याच अल्बममधल्या 'अनदर ब्रिक इन द वॉल' या गाण्याची धून येते, तिथे मात्र दाबून वाजवतो. हाक मारून झाली, की पुन्हा वीटच.

अडलंय ते बेस गिटारवर. रेकॉर्डवर तोही गिलमूरनेच वाजवलाय, फ्रेटलेस, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या (फ्रेट) नसलेला. आमच्या साध्या बेसवर तो घसरत जवळ येणारा स्वर फ्रेटाफ्रेटाला तुटतो. एका जुन्या बेसचे फ्रेट काढून खाचा भरून घ्यायचं ठरलंय, पण सुतार सध्या गणपतीच्या माटव्यांत (मूर्तीवर टांगायच्या लाकडी चौकटींत) अडकलाय. शेवटचं कडवं वॉटर्सचं आहे. तो ताणलेला आवाज कोण लावणार, यावर आमच्यात अजून भांडण चालू आहे.