जौऱ्याचं सूत, जौऱ्याचा मध

बाटली उलटी धरली तरी मध जागचा हलेना. फिकट पिवळा, रवाळ, थिजलेल्या तुपासारखा. मी काही विचारायच्या आतच समोरचा कार्यकर्ता म्हणाला, "दीदी, शक्कर नहीं मिलाई है. सरसों का शहद है, ठंड में जम जाता है." हे त्याला रोजच कुणा ना कुणाला सांगावं लागत असणार. मोहरीच्या मधात द्राक्षशर्करा जास्त असते, म्हणून तो इतर मधांपेक्षा लवकर गोठतो. बाटली कोमट पाण्यात ठेवली की पुन्हा वाहायला लागतो.

जानेवारी संपत आला होता. मी होते जौऱ्याच्या महात्मा गांधी सेवा आश्रमात. मध्य प्रदेशातला मुरैना जिल्हा, म्हणजे चंबळचं खोरं.

या गावाचं नाव मी लहानपणापासून ऐकत आले. १९५८ साली विनोबांची पदयात्रा महाराष्ट्रात होती, तेव्हा आजोबा काही दिवस त्यांच्याबरोबर चालले होते. दोन वर्षांनी, मे १९६० मध्ये, विनोबा चंबळमध्ये गेले आणि वीस बागींनी त्यांच्यापुढे बंदुका ठेवल्या, ही बातमी आजोबांनी वर्तमानपत्रातून कापून ठेवली होती. रायगडातल्या गागोद्याचा हा माणूस डाकूंच्या मुलखात हातात काठीसुद्धा न घेता फिरला, हे सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. त्यांना जायचं होतं, जमलं नाही. मी गेले.

मुरैन्याहून जौरा तासाभराचं अंतर. बसच्या दोन्ही बाजूंना पिवळीधमक मोहरी, बांधाबांधावर मधपेट्यांच्या रांगा. खरं बीहड, म्हणजे घळींचा मुलूख, बघायचं तर नदीकडे जावं लागतं, म्हणून आधल्या दिवशी मी चंबळच्या काठी जाऊन आले होते. आपल्याकडच्या घळी खडकातल्या, या नुसत्या मातीच्या. पाऊस पडला की मऊ माती चिरत जाते, चीर वाढून दोन-तीन मजले खोल होते, आणि या वर्षी जिथे नांगर फिरला तिथे काही वर्षांनी कडा उभा राहतो. एका घळीत उतरून दोन वळणं घेतली तर मागचा रस्ता दिसेनासा झाला. इथे पिढ्यान् पिढ्या माणसं कशी लपू शकली, ते कुणी समजावून सांगायची गरज उरली नाही.

पण लपायची वेळ का यायची, हे समजून घ्यायला आश्रमातच यावं लागलं. तिथे बसलेल्या एका वयस्कर गृहस्थांना मी "डाकू" म्हणाले, तर त्यांनी मला लगेच थांबवलं. "डाकू नहीं बिटिया, बागी." बागी म्हणजे बंडखोर. मग त्यांनी बोटांवर मोजत कारणं सांगितली. बांधाचं भांडण. पटवाऱ्यानं एकाची जमीन दुसऱ्याच्या नावावर चढवली. ठाण्यात दाद नाही. भाऊबंदकीत एक खून, मग त्याचा बदला, मग बदल्याचा बदला. जमीन एकीकडून बीहड खात होतं, दुसरीकडून कागद. मारल्या गेलेल्या निरपराधांचं काय, असं मी विचारलं. ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "वो भी हमारे ही थे."

या मुलखात डॉ. एस. एन. सुब्बराव आले. बंगळूरचा हा माणूस १९४२ मध्ये, अवघ्या तेराव्या वर्षी, 'छोडो भारत'च्या घोषणा भिंतीवर लिहिल्या म्हणून पकडला गेला होता. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी देशभर फिरलेल्या गांधी दर्शन रेल्वेची जबाबदारी त्यांच्याकडे होती. त्या कामाचं मानधन साठवून त्यांनी १९७० मध्ये जौऱ्याला आश्रम उभा केला. सगळे त्यांना भाईजी म्हणत. खादीची अर्धी चड्डी, खादीचा सदरा, गळ्यात गाणं. ते देशभरातली तरुण पोरं शिबिरांना आणत आणि त्यांच्या हाती फावडी-घमेली देत. ज्या गावांत परका माणूस दिसला की दारं बंद होत, तिथे केरळची, बंगालची, महाराष्ट्राची मुलं रस्त्यावर माती टाकत होती. मला या सगळ्या कहाणीतला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. विश्वास आधी घमेल्याघमेल्यानं साठला, बागींचं समर्पण नंतर झालं.

समर्पणाची गोष्ट पुष्कळांना माहीत आहे. १९७१ च्या शरद ऋतूत पाटण्याला जयप्रकाश नारायणांच्या घरी 'रामसिंग' नावाचा एक ठेकेदार आला. चंबळच्या बागींना शस्त्रं टाकायची आहेत, तुम्ही मध्ये पडा, असं विनवू लागला. जेपींची तब्येत बरी नव्हती, ते तयार होईनात. तेव्हा त्यानं सांगितलं, की मीच माधोसिंग. त्याच्या डोक्यावर मोठं बक्षीस होतं! पुढचे काही महिने सरकारांशी बोलणी चालली. फाशी होणार नाही, खटले मात्र चालतील, कुटुंबांच्या पोटापाण्याची सोय होईल. निरोप घेऊन बीहडात जाणाऱ्यांत तहसीलदारसिंग आणि लोकमन दीक्षित होते. तहसीलदारसिंग म्हणजे बागी मानसिंगचा मुलगा. त्यानंच नैनीच्या तुरुंगातून, फाशीच्या कोठडीतून, विनोबांना पत्र लिहिलं होतं आणि १९६० चं सगळं त्या पत्रातून घडलं. लोकमन त्या वर्षी विनोबांपुढे बंदूक ठेवणाऱ्यांपैकी. माझ्या आजोबांच्या कात्रणातली माणसं बारा वर्षांनी पुन्हा कामाला आली होती, आणि हे मला तिथे जाईपर्यंत ठाऊक नव्हतं.

१४ एप्रिल १९७२. जौऱ्यात मंचावर गांधीजींची तसबीर, शेजारी जेपी आणि त्यांच्या पत्नी प्रभावतीदेवी. मोहरसिंग, माधोसिंग आणि त्यांच्या टोळ्यांतली माणसं एकेक करून पुढे आली, बंदूक तसबिरीपुढे ठेवून वाकली. मला 'बागी' म्हणायला लावणारे ते आश्रमातले गृहस्थ तेव्हा शाळकरी होते, बापाच्या खांद्यावर बसून त्यांनी हे पाहिलं. त्यांच्या लक्षात काय राहिलं असेल? बंदुका खाली ठेवतानाचा आवाज. लोखंडावर लोखंड.

फोटो तिथे संपतात. आश्रमाचं खरं काम त्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू झालं, आणि त्याबद्दल आपल्याकडे जवळजवळ काहीच लिहिलं गेलेलं नाही. माणसं तुरुंगात गेली, काही पुढे मुंगावलीच्या खुल्या तुरुंगात. मागे बायका होत्या, पोरं होती. आणि ज्यांची माणसं या टोळ्यांनी मारली होती, त्यांच्याही बायका होत्या, पोरं होती. एकाच गावात, कधी एकाच आळीत. पोट दोघींनाही होतं.

कताईच्या खोलीत एक आजी चरख्यावर बसल्या होत्या. सत्तरी केव्हाच ओलांडलेली. डाव्या हातात पेळू, उजव्यानं चाक. हात मागे जाई तसा धागा लांबत जाई, मग क्षणभर थांबून चातीवर गुंडाळला जाई. नजर माझ्याकडे, तरी धागा एकदाही तुटला नाही. त्यांनी मला शेजारी बसवलं. माझा धागा तिसऱ्या वेळेला तुटला तेव्हा त्यांनी माझा अंगठा धरून थोडा सैल केला. दाबलं की तुटतं, म्हणाल्या.

त्यांचे यजमान बागींच्या गोळीनं गेले, हे मला कार्यकर्त्यानं आधीच सांगितलं होतं. या खोलीत त्यांच्या शेजारी बसून कातणारी बाई त्याच टोळीतल्या एकाची बायको होती. पुष्कळ वर्षं दोघी शेजारी कातत होत्या. ती आता नाही. मी फार चाचरत विचारलं, तुम्ही त्यांना माफ केलंत का?

"माफी काए की?" आजी म्हणाल्या. "संग बैठे, सूत कातो, मोड़ा-मोड़ी पाले."

मोड़ा-मोड़ी म्हणजे मुलं-मुली. आणि पुन्हा चाक फिरू लागलं. माफीबद्दल मी बरंच काही वाचलं आहे, त्यातलं एकही वाक्य मला त्या क्षणी आठवलं नाही.

दुपारी जमिनीचा विषय निघाला, कारण बंदुकीची मुळं तिथेच होती. या भागात सहरिया आदिवासी मोठ्या संख्येनं आहेत. अनेकांच्या हाती पट्ट्याचा, म्हणजे जमिनीच्या हक्काचा, कागद असायचा आणि शेत कसायचा दुसराच कुणी. समर्पणाच्या काळात भाईजींबरोबर काम केलेले पी. व्ही. राजगोपाल पुढे याच प्रश्नाला भिडले आणि एकता परिषद ही संघटना उभी राहिली. २ ऑक्टोबर २००७ ला ग्वाल्हेरहून दिल्लीकडे निघालेल्या 'जनादेश' यात्रेत पंचवीस हजार भूमिहीन माणसं रांगेनं चालली. ज्या खोऱ्यात जमिनीसाठी बंदूक उचलत, तिथूनच माणसं जमिनीसाठी पायी निघाली, ही मला १४ एप्रिलइतकीच मोठी गोष्ट वाटते. काम संपलेलं नाही. त्या दिवशीही एक सहरिया जोडपं प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन ओसरीवर बसलं होतं, आणि एक तरुण कार्यकर्ती त्यांना प्रत्येक ओळ वाचून दाखवत होती. घाई नाही, चिडचिड नाही. एक ओळ वाचायची, समजलं का विचारायचं, मग पुढची.

उन्हं कलल्यावर मधपेट्या बघायला शेतात गेलो. पेटी उघडून धुराचे दोन भपके दिले आणि मधमाश्यांनी भरलेली चौकट माझ्यासमोर धरली. मेणाचा पांढरा पापुद्रा सुरीनं हलकेच सोलला, खाली मध लखलखत होता, अजून न गोठलेला. भूमिहीन माणसाला हा धंदा परवडतो, कारण पेटी ठेवायला स्वतःचं शेत लागत नाही. मोहरी संपली की पेट्या ट्रकवर चढतात आणि फुलोऱ्यामागे दुसऱ्या मुलखात जातात. शेतवाल्यालाही त्या हव्याच असतात, मधमाशी फिरली की दाणा चांगला भरतो. पेटीवाला मुलगा विशीतला. आजोबा बागी होते, हे त्यानं आपणहून सांगितलं, जसं एखादा आजोबा पोस्टमन होते म्हणून सांगेल.

संध्याकाळी आश्रमात सर्वधर्म प्रार्थना झाली. भाईजी २७ ऑक्टोबर २०२१ ला जयपूरला गेले, त्यांना अखेरचा निरोप इथे जौऱ्यातच दिला गेला. प्रार्थनेनंतर एका मुलीनं मला विचारलं, तुम्ही कुठून आलात? महाराष्ट्रातून म्हटल्यावर म्हणाली, "विनोबाजीवाला?"

मी हो म्हटलं. आजोबांच्या कात्रणाची झेरॉक्स पिशवीत होती, ती काढून तिला दिली. तिला मराठी येत नव्हतं, पण देवनागरीच ती, एकेक अक्षर लावत तिनं मथळा वाचला आणि मग कागद घेऊन कताईच्या खोलीकडे पळाली, आजींना दाखवायला.