लढाई संपल्यानंतरची तारीख

नव्वदच्या दशकात मी सातारा भागात कल्याण संघटक होतो. मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यावर सैनिक कल्याणची ही नोकरी मिळाली. एके दिवशी एक आजी पुतण्याला घेऊन आल्या. पेन्शनच्या कागदावर नाव एक, रेशनकार्डावर दुसरं. असली कामं रोजचीच. प्रतिज्ञापत्राचा मसुदा करायला फाईल उघडली आणि आजींच्या यजमानांच्या मृत्यूची नोंद दिसली: २८ ऑक्टोबर १९४५, जावा. पलटण सहावी मराठा.

आजी म्हणाल्या, "सायब, लढाई तर श्रावणातच मिटली व्हती. गावात साखर वाटली. मग दिवाळीच्या तोंडाला ह्येंला कुनी मारलं?"

पन्नास वर्षं त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. जावातल्या सुराबाया शहराबद्दल मी बेळगावला जुन्या उस्तादांकडून ऐकलं होतं. टेबलावरचे कागद बाजूला सारले आणि नकाशा काढला.

जावा म्हणजे आजच्या इंडोनेशियातलं बेट, मूळ डचांच्या ताब्यात. युद्धात तिथं जपानी आले. जपान शरण आला त्याच सुमारास तो मुलूख अमेरिकन कमांडकडून ब्रिटिश सेनापती माउंटबॅटनच्या कमांडकडे सोपवला गेला. १७ ऑगस्टला सुकार्नो आणि हत्ता या तिथल्या पुढाऱ्यांनी इंडोनेशियाचं स्वातंत्र्य जाहीरही केलं. जपान्यांची हत्यारं काढायची, कैदी सोडवायचे, डच परत येईपर्यंत मुलूख सांभाळायचा, हे काम इंग्रजांनी बव्हंशी हिंदी पलटणींवर टाकलं. मी आजींना म्हटलं, "दोन मालकांच्या भांडणात शेतावर राखणदार उभा करावा, तसं."

ब्रिगेडियर मॅलबीची ४९वी ब्रिगेड २५ ऑक्टोबरला सुराबायात उतरली, सुमारे चार हजार माणसं. मॅलबीने स्थानिक पुढाऱ्यांशी समझोता केला होता. पण २७ तारखेला वरून इंग्रजांच्या विमानानं पत्रकं पडली: हत्यारं खाली ठेवा. लोकांना तो दगा वाटला, आणि मला त्यांचा राग समजतो. शहरभर तुकड्यातुकड्यांनी विखुरलेल्या आपल्या जवानांवर २८ला हल्ला झाला. ३० तारखेला मॅलबी मारला गेला, तेव्हा जवळच्याच इमारतीत मराठ्यांची एक कंपनी वेढ्यात होती. १० नोव्हेंबरपासून इंग्रजांनी शहरावर मोठा हल्ला चढवला. वर्षभरानं, नोव्हेंबर १९४६च्या अखेरीस, डचांच्या हाती कारभार देऊन शेवटच्या पलटणी निघाल्या. स्वतः गुलाम असलेल्या देशाचे जवान दुसऱ्याच्या गुलामीची राखण करत मेले. नेहरूंनी तेव्हाच याला विरोध केला होता. हे मला आजही सलतं.

आजींनी सुराबायाच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "मग ती मानसं सुटली का?"

"सुटली. १९४९ला डचांनी मान्य केलं."

"आन् ह्येंचा त्यांच्यावर राग व्हता का?"

याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. तसं सांगितलं.

नावाची दुरुस्ती पुढं झाली. १५ ऑगस्ट १९४५ नंतरची तारीख असलेली फाईल आली, की त्यानंतर मी घरच्यांना आधी बसवून नकाशा दाखवू लागलो. राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोग ३१ डिसेंबर १९४७पर्यंतचे मृत्यू त्याच युद्धातले धरतो, हेही सांगायचो.