करडई, जवस, शैवाल: आमची वाटचाल

कुत्र्याच्या अंगावर कोंडा दिसला, केस राठ झाले, की गोव्यात पहिला हात खोबरेलाच्या बाटलीकडे जातो. आम्ही कुत्र्या-मांजरांच्या खाण्यात कालवायचं, त्वचा-केसांसाठीचं तेल बनवतो. दारात नारळ असताना तुमच्या तेलात खोबरेल कसं नाही, असं आम्हांला आजही विचारतात. खोबरेलात निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल असतं आणि त्वचेला हवं असलेलं लिनोलिक आम्ल जेमतेम दोन टक्के. त्वचेच्या वरच्या थरात पेशींच्या मधे जी स्निग्ध भिंत असते, ती लिनोलिकशिवाय नीट बांधली जात नाही. भिंत गळकी झाली की आतलं पाणी उडून जातं आणि ॲलर्जी आणणारे घटक आत शिरतात. कुत्रा काय, मांजर काय, हे आम्ल शरीरात तयार करू शकत नाही. खोबरेल चोळून चकाकी येते ती वरवरची, आणि पावसाळ्यात तेलकट, दमट केसांखाली बुरशीचं फावतं ते वेगळंच.

म्हणून गोव्यातल्या कुंडई औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यात आम्ही सुरुवात केली ती करडईपासून. तिच्या तेलात ७० ते ७५ टक्के लिनोलिक असतं. पण करडईचं ‘हाय ओलिक’ (ओलिक हे दुसरंच आम्ल जास्त असलेलं) वाणही बाजारात आहे आणि त्यात हेच प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास उतरतं. रंगावरून, वासावरून ओळखू येत नाही. फॅटी ॲसिडचा अहवाल हातात आल्याशिवाय आम्ही पिंप उतरवून घेत नाही.

पहिलं तेल करडई आणि जवस एवढंच होतं. जवसात ओमेगा-३ निम्म्याहून जास्त, पण ते अल्फा लिनोलेनिक रूपातलं. शरीराला कामाची रूपं म्हणजे माशांच्या तेलात असतात ती ईपीए आणि डीएचए. कुत्रा त्यातलं थोडंच रूपांतर करतो, मांजर जवळजवळ नाहीच. जवसाला ‘शाकाहारी फिश ऑइल’ म्हणून खपवणं आम्हांला पटत नाही. माशातलं डीएचएसुद्धा मुळात समुद्रातल्या सूक्ष्म शैवालांकडून आलेलं असतं, तेव्हा आम्ही थेट शैवालाच्या तेलाकडे वळलो. डीएचए सुमारे ४० टक्के, किंमत मात्र करडईच्या कैकपट. सध्याचं मिश्रण १०० ग्रॅमला ६० करडई, २५ जवस, १५ शैवाल असं आहे. ५ मिलीच्या चमच्यात साधारण सव्वादोन ग्रॅम लिनोलिक आणि पावणेतीनशे मिलिग्रॅम डीएचए येतं. भात-भाजीवर वाढणाऱ्या १० किलोच्या कुत्र्याला दिवसाला ते पुरेसं होतं. चमच्यात ४० कॅलरीही असतात, तेवढा भात कमी करायचा. पहिला आठवडा पाव चमचा, मग अर्धा. एकदम पूर्ण दिलं की पातळ जुलाब ठरलेले.

मांजरांसाठी हेच तेल कमी मात्रेत द्या, असं दुकानदार सांगायचे. आम्ही वेगळी बाटली काढली, कारण मांजराचं शरीर वेगळं चालतं. लिनोलिकपासून पुरेसं ॲराकिडोनिक आम्ल ते बनवू शकत नाही, गाजरातल्या कॅरोटीनपासून अ जीवनसत्त्व तर नाहीच नाही, आणि टॉरिन हे त्याला लागणारं अमिनो आम्ल वनस्पतीत मिळत नाही. त्यामुळे मांस-मासळी हवीच. लेबलवर ‘हा आहार नव्हे’ ही ओळ नावाखालोखाल मोठी आहे. मांजराच्या बाटलीत जवस नाही. ७० करडई, ३० शैवाल, दिवसाला १ मिली. ई जीवनसत्त्व इथे मुद्दाम जास्त घातलंय. गोव्यातलं मांजर म्हणजे तारले नि बांगडे. नुसत्या तेलकट मासळीवर ठेवलेल्या मांजरात ई कमी पडलं, की कातडीखालच्या चरबीला दुखरी सूज येते. तेल खाण्यात कालवायचं, पिचकारीने घशात सोडायचं नाही. श्वासनलिकेत गेलं तर फुफ्फुस सुजतं.

खरी डोकेदुखी तेल ताजं ठेवण्याची. जवसाचं आणि शैवालाचं तेल हवा लागली की बिघडतं. खिडक्या-दारांना लावायचं अळशीचं तेल वाळून कडक होतं, ते याच गुणामुळे. जुनं जवस कडवट लागतं आणि कुत्रा ताटलीकडे पाठ फिरवतो. टाकीचा पितळी नळ काढून स्टेनलेस बसवला, कारण तांब्याचा अंशसुद्धा खवटपणा वाढवतो. बाटल्या धुतल्यावर तळाला थेंबभर पाणी राहता कामा नये. हवा हाकलायला भरण्यापूर्वी बारीक छिद्रांच्या नळीतून तेलात नायट्रोजन सोडतो, भरल्यावर मानेतल्या मोकळ्या जागेत पुन्हा, आणि लगेच झाकण. बाटली ॲल्युमिनियमची. साध्या प्लॅस्टिकमधून हवा हळूहळू झिरपते.

खवटपणाची तपासणी गाळ्यातच होते. हवा लागून तेलात तयार होणारं पेरॉक्साइड आम्ही मोजतो. ५ ग्रॅम तेल, ३० मिली ॲसेटिक आम्ल-क्लोरोफॉर्म (३:२), अर्धा मिली संपृक्त पोटॅशियम आयोडाइड. एक मिनिट हलवायचं, ३० मिली पाणी घालायचं, स्टार्च टाकून निळा रंग जाईपर्यंत थायोसल्फेट सोडायचं. पेरॉक्साइड ५ च्या वर गेलं की खेप परत. कोडेक्सची (आंतरराष्ट्रीय अन्न-मानकांची) मर्यादा घाण्याच्या तेलाला १५ आहे, पण ती स्वयंपाकाच्या तेलासाठी. एक गोम आहे: फार जुन्या तेलात पेरॉक्साइड तुटून आकडा पुन्हा खाली येतो आणि तेल निर्दोष दिसतं. म्हणून तुटल्यावर उरणारे घटक दाखवणारी ॲनिसिडीन चाचणीही बाहेरून करून घेतो.

बाटलीचं मापही यावरूनच ठरलं. अर्ध्या लिटरची मागणी खूप होती, तरी बंद केली. २०० मिली कुत्र्याला ४० दिवस, ५० मिली मांजराला ५० दिवस. उघडलेली बाटली त्याहून जास्त ठेवूच नये.

भुकटी नंतर आली. ब्रुअर्स यीस्ट, भाजून दळलेल्या भोपळ्याच्या बिया आणि झिंक. वनस्पतीतलं झिंक बियांमधलाच फायटेट हा घटक अडवून धरतो, बियांनी भागत नाही. म्हणून चेलेटेड (सेंद्रिय रेणूला बांधलेलं) झिंक घालतो, ३ ग्रॅमच्या मापाला १० मिलिग्रॅम, आणि हा खनिज घटक आहे, वनस्पतीचा नव्हे, असं छापतो. पाकीटबंद खाद्यावर असलेल्या कुत्र्याला ही भुकटी लागत नाही. सोबत कॅल्शियमचा डोस चालू असेल तर झिंक नीट शोषलं जात नाही. जून ते सप्टेंबर इथली हवा भुकटीचा दगड करते; यंत्राने हवा सुकवून आर्द्रता ४५ टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय पाकिटं भरत नाही. तेवढी वीज त्या महिन्यांत मिळाली तर! जनरेटरचं डिझेल किमतीत धरावंच लागतं.

लसूण घाला, गोचीड पळते, अशी मागणी नेहमी येते. लसूण-कांदा कुत्र्या-मांजरांच्या लाल पेशी फोडतो, टी ट्री तेल मांजराला विषारी; दोन्ही आमच्याकडे नाहीत. लेबलवर ‘बरा करतो’ हा शब्दही नाही, कारण तो लिहिला की माल कायद्याने औषध ठरतो. गोल चट्टे, खपल्या, रात्रभर खाजवणं असेल तर आधी डॉक्टरांकडून त्वचेचं खरवडण तपासून घ्या. खरूज किंवा पिसवा असताना तेल पाजत बसणं म्हणजे पैसे वाया घालवणं. खाज तीव्र असेल तेव्हा ईपीए जास्त असलेलं माशाचं तेल डॉक्टर देतात; आमच्या तेलात ईपीए फारसं नाही, ती जागा ते घेऊ शकत नाही.

त्वचेचा थर बदलायला तीन आठवडे लागतात, केसांत फरक दिसायला आठ. दोन आठवड्यांत बाटली परत करायला येणाऱ्यांना आम्ही हेच सांगतो. ज्यांच्या घरी कुत्र्याला रोज शिजवलेले तारले मिळतात, त्यांना विकत घेऊ नका म्हणतो. ओमेगा-३ त्यांत भरपूर असतं. त्यांतले काही जण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा येतात. मासळी महागते, कुत्र्याच्या वाट्याला फक्त शीत उरतं. मे महिन्यातली आमची सगळ्यांत मोठी खेप त्यांच्या हिशेबानेच भरलेली असते.